ज्वारी रेशनवर आणा: मध्य प्रदेशच्या अन्नमंत्र्यांना खुले पत्र

मा. अन्न व नागरी पुरवठा मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय, सप्रेम नमस्कार.

2023 च्या फेब्रुवारीत जी-20 ची शेतीविषयक बैठक आमच्या इंदुरात झाली. भरडधान्य वर्षच होतं ते, कौतुक भरपूर झालं. माळव्यातल्या रेशनच्या पिशवीत मात्र अजून गहू-तांदूळच पडतो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात ज्वारीसारखं भरडधान्यही आहे, म्हणजे नवा कायदा करायचीही गरज नाही.

गव्हाचा दाणा भरतो नेमका फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तेव्हाच ऊन तापलं की तो बारीक राहतो. 2022 च्या मार्चने हे दाखवून दिलं. मे महिन्यात गव्हाची निर्यात थांबवावी लागली. खरीप ज्वारीला तो उन्हाळा गाठतच नाही. पावसाने ओढ दिली तर ती वाढ थांबवते, पाऊस आला की पुन्हा जोर धरते. वर गुरांना कडबा. माळव्यातून तिला सोयाबीनने हटवलं. सोयाबीनला पैसा आला, नाही कशाला म्हणू? पण भाव पडला की घरच्या कणगीत त्याचा काय उपयोग!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत सत्तरहून जास्त रक्तक्षयी निघाली. एकट्या ज्वारीने हे मिटणार नाही. तरी पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा तिच्यात लोह आणि तंतू जास्त असतात, हेही खरंच.

2025 च्या हंगामात गव्हावर क्विंटलमागे 175 रुपये बोनस दिलात. कोदो-कुटकी या बारीक भरडधान्यांसाठी राणी दुर्गावती योजना आणलीत. आमची ज्वारी मधल्या मध्ये लटकली. हमीभाव जाहीर होतो, पण जवळ खरेदी केंद्रच नसेल तर तो कागदावरच राहतो. म्हणून इंदूर, धार, झाबुआत खरेदी सुरू करा आणि तिथलीच ज्वारी तिथल्या रेशनवर आणि अंगणवाडीत द्या.

दोन गोष्टी अधिकाऱ्यांना आधीच बजावून ठेवा. कापणीच्या तोंडावर पाऊस झाला की ज्वारी काळवंडते. 2023 मध्ये अवकाळीने गव्हाची चमक गेली तेव्हा खरेदीचे निकष सैल केले होते; ज्वारीलाही ती सवलत द्या, फक्त बुरशी लागलेला माल वेगळा काढा. आणि पाकीटबंद पीठ वाटू नका, धान्यच द्या. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा चिरतात, आणि मग ‘लोकांनाच ज्वारी नको’ असा शेरा फाइलवर पडतो.

हेच पत्र हिंदीतूनही आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे.

आपला,
एक इंदूरकर