सकाळची वाट बघू नकोस

चि. सौ. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन आधी मी ठेवला, मान्य. पण "आई, तुझ्या भोंग्याचे दिवस गेले, आता मशीन सगळं सांगतं" असं तू म्हणालीस तेव्हा तात्या शेजारीच होते आणि हसले. राग त्याचाच जास्त आला.

32 वर्षं लेबर रूममध्ये काढली मी. भोंगा, म्हणजे बाळाचे ठोके ऐकायची नळी, पोटाला टेकवायचा, दुसरा हात बाईच्या नाडीवर, आणि मिनिटभर ठोके मोजायचे. नाडी कशाला, तर बाळाचे समजून आईचेच ठोके मोजले जाऊ नयेत म्हणून. तुझं मशीनसुद्धा ही चूक करतं बरं. कळ ओसरता ओसरता ऐकायचं. आधी दर अर्ध्या तासाने, बाई जोर लावायला लागली की दर 5 मिनिटांनी. विडी वळणाऱ्या बायका यायच्या, कळांना कुणी तेलुगूत 'नोप्पुलु' म्हणायची, कुणी कन्नडात 'बेने'. मी पोटावर हात ठेवून बसायची. पोट दगडासारखं झालं की भाषा कशाला लागते?

तुला त्या मशीनचे दोन पट्टे लावतील. एक ठोक्यांचा, बाळाची पाठ असेल त्या बाजूला. दुसरा वर, गर्भाशयाच्या टोकाशी, कळांचा. कागदावर वरची रेघ ठोक्यांची, खाली कळांचे डोंगर. ठोके 110 ते 160 असले की ठीक, आणि रेघ जराशी थरथरती हवी. आकडा उतरला की घाबरून जाऊ नकोस. कधी पट्टा सरकलेला असतो, कधी कळेत बाळाचं डोकं दाबलं जातं आणि कळेबरोबर ठोके उतरून परत चढतात. कळ सरल्यावरही ते खालीच राहायला लागले तर सिस्टर स्वतःच धावत येईल, तुला कुशीवर वळवेल. आणि शेजारणीचा डोंगर आपल्यापेक्षा उंच आहे का ते बघत बसू नकोस. त्या पट्ट्याला कळ किती वेळाने आली, किती वेळ टिकली एवढंच कळतं. उंची पट्टा कसा बसलाय त्यावर असते.

बघ, लागले शिकवायला. माफ कर. तुझे डॉक्टर चांगले आहेत, मला ठाऊक आहे.

मला एवढंच सांगायचं होतं की पट्टा दवाखान्यात गेल्यावर लागतो. घरी कोण बघणार? बाळ रोजच्यापेक्षा कमी हललं असं वाटलं तर लगेच फोन कर आणि नीघ. रात्रीचे दोन वाजलेले असोत, जावयांना उठव. परवा पट्टा लावला तर बाळ झोपलेलं निघालं, हे तू हसत सांगितलंस. झोपतात ती, वीस-चाळीस मिनिटं. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू टिकलं नाही.

त्या गड्ड्याच्या जत्रेच्या रात्री मीसुद्धा हेच म्हटलं होतं, झोपलं असेल, रस्त्यात गर्दी आहे, सकाळी बघू. लेबर रूमची सिस्टर मी! तात्या म्हणत होते, जाऊन येऊ. बाकी तुला माहीत आहे.

तुझ्या वेळी मग रोज रात्री तात्यांच्या हातात भोंगा. त्यांना तुझे ठोके कधी सापडले नाहीत. माझ्या पोटातली गुरगुर ऐकून म्हणायचे, "माग चालू आहे, काळजी नको." काल ते हसले ते बहुधा त्यालाच. मीच उगाच चिडले. तुझे ठोके 144 होते. शेवटचे मोजले तेव्हाचे.

लुगड्यांच्या दुपट्यांना दोन पाण्यांतून काढलंय. शेंगाचटणी तिखट नको म्हणालीस, बेताची केली आहे. डाव्या कुशीवर झोपत जा. आणि कमी हललं तर सकाळची वाट बघू नकोस, हे परत लिहिलं, वाच परत.

रविवारच्या हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट तात्यांनी काढलंय. चिडायचं तर त्यांच्यावर चीड.

तुझी,
आई