पोळी लगेच बंद करू दिली नाहीत, म्हणून

आदरणीय डॉक्टरमॅडम,

दोन वर्षं लांबलेलं हे पत्र. लहानपणापासून पहाटेच्या शिंका, पावसाळ्यात दमा, अंगावर उठणारं पित्त हे सगळं सवयीचं होतं. पण पोळी खाल्ली की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं आणि दुपारभर डोकं जड राहायचं. रिपोर्ट नॉर्मल येत, म्हणून घरीदारी सगळे म्हणायचे, मनाचे खेळ आहेत. तुमच्याकडे आले तेव्हा गहू सोडायचं मी ठरवूनच आले होते.

तुम्ही म्हणालात, "आत्ता नाही. तपासण्या होईपर्यंत पोळी खायचीच." चिडले होते मी! गहू आधीच सोडला तर रक्तातल्या अँटिबॉडी उतरतात आणि सिलिॲक, म्हणजे ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार, असूनही दिसत नाही, हे तुम्ही तेव्हा वहीत चित्र काढून समजावलंत. मग टीटीजी आणि एकूण आयजीए या रक्ततपासण्या, एंडोस्कोपीतून बायोप्सी (आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासणं) आणि गव्हाच्या ॲलर्जीची त्वचाचाचणी. सिलिॲक नाही, गव्हाची ॲलर्जीही नाही. मी रडले. वाटलं, पुन्हा तेच, मनाचे खेळ.

तेव्हा तुम्ही इटलीतल्या पालेर्मो शहरातल्या डॉक्टरांचं काम सांगितलंत. २०१२ साली त्यांनी गव्हाने त्रास होणाऱ्या, पण सिलिॲक नसलेल्या २७६ जणांची माहिती मांडली. त्यात एक गट सिलिॲकसारखा होता आणि दुसरा अन्नाची ॲलर्जी असणाऱ्यांसारखा. माझ्यासारख्यांची कुठेतरी नोंद आहे, याचाच केवढा धीर आला!

तरी तुम्ही माझ्या शब्दावर थांबला नाहीत. गहू बंद करून बरं वाटल्यावर एकसारख्या दिसणाऱ्या कॅप्सूल दिल्यात, एक आठवडा गव्हाच्या, एक तांदळाच्या, मध्ये एक आठवडा मोकळा. कुठल्या कशाच्या हे तुम्हालाही माहीत नव्हतं. रोज वहीत त्रासाला दहापैकी गुण लिहायचे. कुठल्या आठवड्यात काय होतं ते लिहिलेलं पाकीट उघडलं तेव्हा जास्त गुणांचा आठवडा गव्हाचा निघाला. त्यावरही तुम्ही म्हणालात, "गहू म्हणू, ग्लुटेन म्हणायची घाई नको, गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या कर्बोदकामुळेही पोट फुगतं."

आता घरात ज्वारी-नाचणीची भाकरी असते. बाजारच्या हिंगात अनेकदा मैदा असतो हे तुम्ही सांगेपर्यंत स्वप्नातही आलं नव्हतं. आई आता डबीवरचं बारीक लिखाण चष्मा लावून वाचते. दम्याचा पंप मात्र तुमच्या सांगण्यानुसार चालूच आहे.

पुढच्या महिन्यात थोडा गहू पुन्हा खाऊन पाहायचा आहे. वही घेऊन येते.

मनापासून आभार.

तुमची पेशंट