दुहेरी बघताना नजर नेटवर ठेव

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. टेनिसमधला दुहेरीचा सामना बघताना चौघांची नुसती पळापळ दिसते, खेळ हाती लागत नाही, असं तू लिहिलंस. एकेरीच्या सवयीनं आपण चेंडूमागे मान फिरवत राहतो, म्हणून असं होतं. दुहेरीत बरेचसे पॉइंट ठरतात ते चेंडू ज्याच्याकडे नाही त्याच्यामुळे, म्हणजे सर्व्हिस करणाऱ्याचा जो जोडीदार नेटजवळ उभा असतो त्याच्यामुळे. पुढच्या सामन्यात सलग दहा पॉइंट फक्त त्याच्याकडे बघ.

उदाहरणाला आपल्या बालेवाडीचीच स्पर्धा घेतो. २०१८ ते २०२३ या काळात, २०२१ सोडून, महाराष्ट्र ओपन तिथं झाली. दर्जा एटीपी २५० (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस दौऱ्यातली एक पायरी), दुहेरीत १६ जोड्या, म्हणजे चार सामने जिंकले की विजेतेपद. २०२२ च्या अंतिम सामन्यात रोहन बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन पहिला सेट टायब्रेकमध्ये, म्हणजे ६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये, १०-१२ असा हरले, आणि तरीही ल्यूक सॅव्हिल व जॉन-पॅट्रिक स्मिथ या ऑस्ट्रेलियन जोडीवर ६-७, ६-३, १०-६ असे जिंकले. या आकड्यांकडे मी परत येतो.

सामना सुरू होण्याआधीच एक गोष्ट बघून घे. एकेरीसाठी जाळीखाली दोन्ही बाजूंना १.०७ मीटर उंचीच्या काठ्या लावलेल्या असतात. दुहेरीआधी त्या काढतात. मग जाळी थेट बाहेरच्या खांबांपासून मध्याच्या ०.९१ मीटरपर्यंत उतरते आणि एकेरीच्या रेषेवर ती आधीपेक्षा थोडी खाली येते. कोर्टही दोन्ही बाजूंना १.३७ मीटरनं वाढून १०.९७ मीटर रुंद होतं. सर्व्हिसचा चौकोन मात्र तेवढाच राहतो. नेटवरच्या खेळाडूच्या बाजूनं सरळ मारलेला रिटर्न (सर्व्हिस परतवणारा फटका) दुहेरीत इतका मोहात का पाडतो, ते यावरून कळेल.

आता नेटवरचा माणूस. त्याचा हात पाठीमागे जातो आणि बोटांनी खूण होते. मी डावीकडे जाणार, उजवीकडे जाणार की जागेवर थांबणार, एवढंच त्या खुणेत असतं. पहिल्या सर्व्हिसची खूण वेगळी, दुसरीची वेगळी. खुणांचा अर्थ प्रत्येक जोडी आपापला ठरवते. कधी कधी तो मधल्या रेषेवर जाळीच्या उंचीखाली उकिडवा बसलेला दिसेल. याला आय फॉर्मेशन म्हणतात. सर्व्हिस त्याच्या डोक्यावरून जाते, आणि ती चौकोनाच्या आतल्या कोपऱ्यात, मधल्या रेषेला लागून पडायला हवी. तिथून रिटर्न मारणाऱ्याला तिरका कोन मिळत नाही. मग बसलेला उठून एका बाजूला झेपावतो आणि सर्व्हिस करणारा दुसरी बाजू झाकतो.

हे फसतं ते बहुतेक दोन कारणांनी. एक, सर्व्हिस चुकून बाहेरच्या बाजूला पडते. मग रिटर्नला सगळा कोन मोकळा मिळतो आणि दोघंही चुकीच्या जागी अडकतात. दुसरं, नेटवरचा घाई करतो. समोरच्याची रॅकेट चेंडूकडे पुढे येऊ लागली, की निघायचं. त्याआधी अर्धं पाऊल जरी हलला, तरी समोरचा ते टिपतो आणि मोकळ्या झालेल्या बाजूला मारतो. निघाल्यावरसुद्धा जाळीला समांतर न पळता तिरकं, जाळीच्या दिशेनं जायचं, म्हणजे चेंडू उंचावर मिळतो आणि समोरच्या नेटवाल्याच्या पायाशी मारता येतो. रिटर्नवाल्याचं उत्तर म्हणजे पुढे येणाऱ्या सर्व्हरच्या पायाशी खाली पडणारा चेंडू, नाहीतर लॉब, म्हणजे नेटवाल्याच्या डोक्यावरून उंच टाकलेला चेंडू. पुण्याच्या साडेपाचशे मीटर उंचीवर चेंडू जरा जास्त उडतो, त्यामुळे लॉब बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, बाहेर जायला वेळ लागत नाही.

मधला चेंडू कुणाचा, यावरून नवख्या जोड्यांत हमखास घोटाळा होतो. दोघं उजवे असतील तर डाव्या अर्ध्यात उभ्या असलेल्याचा, कारण त्याचा फोरहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका, मध्यात येतो. एक डावखुरा असला की गणित बदलतं. तो उजव्या अर्ध्यात उभा राहिला तर दोन्ही फोरहँड मध्यात, डाव्या अर्ध्यात राहिला तर दोन्ही बॅकहँड मध्यात. २०१९ ला इथं जिंकलेल्या जोडीत बोपण्णासोबतचा दिविज शरण डावखुराच.

अशा एटीपी स्पर्धांतली गुणांची पद्धत नीट लक्षात घे, सगळा ताण तिच्यात आहे. ४०-४० झालं की ॲडव्हांटेज नाही, म्हणजे सलग दोन पॉइंट लागत नाहीत, एकाच पॉइंटवर गेम. तो पॉइंट दोघांपैकी कुणी घ्यायचा, ते रिटर्न करणारी जोडी ठरवते. पण जागांची अदलाबदल करता येत नाही. एक डबल फॉल्ट, म्हणजे लागोपाठ दोन सर्व्हिस चुकल्या, की सर्व्हिसचा गेम गेला!

सेट १-१ झाले की तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा मॅच टायब्रेक, दोन गुणांच्या फरकानं. पहिला एक सर्व्हिस करतो, मग प्रत्येकी दोन-दोन, आणि दर सहा पॉइंटनंतर बाजू बदलतात. इथं जोडीतला सर्व्हिसचा क्रम नव्यानं लावता येतो, म्हणून ज्याची सर्व्हिस जड तो पुढे. २०२० चा अंतिम सामना आंद्रे गोरान्सन आणि ख्रिस्तोफर रुंगकाट यांनी जोनाथन एर्लिच आणि आंद्रेई वासिलेव्स्की यांच्यावर असाच १०-८ नं घेतला. एकूण १८ पॉइंट, त्यात दोन्ही जोड्यांच्या पहिल्या सर्व्हरला पाच-पाच सर्व्हिस मिळतात, दुसऱ्यांना चार-चार. प्रत्येक जोडीच्या वाट्याला नऊ. म्हणजे स्वतःच्या नऊच्या नऊ जिंकल्या तरी समोरच्याच्या सर्व्हिसवर एक पॉइंट काढावाच लागतो.

आता बोपण्णा-रामकुमार यांचे १०-६ घे. १६ पॉइंट, चौघांना चार-चार सर्व्हिस, जोडीला आठ. स्वतःच्या सगळ्या आठ राखल्या असत्या तरी समोरच्यांचे किमान दोन हिसकावणं भाग होतं. ते रेकॉर्डिंग मिळालं तर हे पॉइंट कुठं निघाले ते वहीत मांड, आणि प्रत्येकासमोर नेटवरचा त्या वेळी हलला की थांबला तेही लिही.

प्रत्यक्ष बघायला गेलास तर बाजूची जागा घेऊ नकोस. बेसलाइनच्या मागे, आठ-दहा रांगा वर बस. तिथून दोघांमधली फट उघडताना-मिटताना दिसते, आणि आपल्या बाजूच्या नेटवाल्याच्या पाठीमागची बोटंही. वही भरली की पाठव, मी वाट बघतोय.

तुझा,
मित्र