शेजारच्या पिंजऱ्यातला उंदीर काय खात होता?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दारूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजारावर ‘उंदरांवरील प्रयोग यशस्वी’ अशा बातम्या वरचेवर छापून येतात. आकडे बहुधा खरे असतात. पण दारू दिलेल्या उंदराच्या चयापचयात दिसलेल्या बदलांपैकी दारूचे किती, उपाशी पोटाचे किती आणि नमुना घेताना झालेल्या चुकांचे किती, हे त्यातून कळत नाही. या विषयात काम करणाऱ्या आम्हा काही वाचकांना वाटते, की पहिला प्रश्न शेजारच्या पिंजऱ्याबद्दल विचारावा. दारू न मिळालेला उंदीर काय खात होता, आणि केव्हा?

हा प्रश्न जुना आहे. अल्कोहोलच्या एका ग्रॅममधून सुमारे ७ किलोकॅलरी मिळतात, पण प्रथिने किंवा जीवनसत्त्वे मिळत नाहीत. दारू पिणारा प्राणी अन्न कमी खातो आणि त्याचे कुपोषण होते. इन्सुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले, की तेवढ्याच कॅलरीची साखर दिली तरी उंदराच्या यकृताची तशीच हानी होते आणि आहारात कोलीन हे पोषकद्रव्य पुरेसे असले तर ती टळते. यावरून त्यांनी दारूला यकृताचे विष मानायला नकार दिला. १९६० च्या दशकात लिबर आणि डीकार्ली या संशोधकांनी द्रवरूप आहार तयार केला, तेव्हा उंदरांच्या पोटात पुरेसे पोषण आणि पुरेशी दारू एकाच वेळी जाऊ लागली. पुढे १९७० च्या दशकात चांगला आहार मिळणाऱ्या बबून माकडांमध्येही दारूने सिरोसिस (यकृतात व्रण साचून ते कडक होणे) झाल्याचे लिबर यांच्या गटाने दाखवले.

या आहाराच्या एका मिलिलिटरमध्ये १ किलोकॅलरी असते. मूळ पाककृतीत ३६ टक्के कॅलरी अल्कोहोलच्या, ३५ चरबीच्या, १८ प्रथिनांच्या आणि ११ कर्बोदकांच्या. तुलनेसाठी ठेवलेल्या, दारू न मिळणाऱ्या नियंत्रण गटाला अल्कोहोलऐवजी तेवढ्याच कॅलरीचे माल्टोज-डेक्स्ट्रिन हे कर्बोदक देतात. ‘५ टक्के अल्कोहोल’ एवढेच लिहिलेले असेल तर ते वजनाने की आकारमानाने, हे तपासलेच पाहिजे. वजनाने ५ टक्के म्हणजे सुमारे ३६ टक्के कॅलरी, आकारमानाने ५ टक्के म्हणजे जेमतेम २८. दोन प्रयोगांचे निकाल जुळत नाहीत तेव्हा कधी कधी एवढेच कारण निघते.

खरी अडचण पुढे आहे. दारूच्या गटाने काल जेवढे खाल्ले तेवढेच आज नियंत्रण गटातल्या जोडीदाराला मोजून देतात. भुकेला जोडीदार ते काही तासांत संपवतो आणि उरलेला वेळ उपाशी राहतो. दारूवाला रात्रभर थोडे थोडे घेत असतो. सकाळी नमुने घेतले की एकाचे पोट भरलेले, दुसऱ्याच्या यकृतातले ग्लायकोजेन (साठवलेली साखर) उतरलेले आणि उपाशीपणी चरबीपासून बनणारे केटोन वाढलेले. हा फरक मग दारूच्या खात्यावर जमा होतो. म्हणून जोडीदाराचा वाटा दोन वेळांत द्यावा, आहार सर्वांच्या पिंजऱ्यातून एकाच वेळी काढावा आणि त्यानंतर ठरावीक तासांनीच नमुना घ्यावा. आहार देण्याच्या नळीतून गळलेला आहारही ‘खाल्लेला’ म्हणून नोंदला जातो आणि दुसऱ्या दिवशी जोडीदाराला तेवढा जास्त मिळतो. रिकाम्या पिंजऱ्यावर तशीच एक नळी लावून रोजची गळती वजा करता येते.

एवढे सांभाळल्यावर जे उरते ते खरोखर दारूचे. अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइड आणि त्याचे ॲसिटेट होताना दोन्ही पायऱ्यांवर एनएडी हा पेशीतला इलेक्ट्रॉन वाहणारा रेणू खर्च होऊन त्याचे भरलेले रूप, एनएडीएच, साचते. त्यामुळे साखरेच्या विघटनातून आलेले पायरुवेट लॅक्टेटकडे वळते, नवे ग्लुकोज बनणे मंदावते, मेदाम्ले जळण्याचा वेग घटतो. शरीरातल्या चरबीच्या साठ्यांतून सुटलेली मेदाम्लेही यकृतात येऊन पडतात. शिवाय मेथिओनिन या अमिनो आम्लाचे चक्र अडखळते. त्यातले मिथाइल गट पुरवणारे एस-ॲडेनोसिलमेथिओनिन घटते, मागे उरणारे होमोसिस्टीन वाढते आणि चरबीची बाहेर जाणारी पुडी बांधायला लागणारे फॉस्फॅटिडिलकोलीन कमी पडते. चरबी तयार असूनही बाहेर पडत नाही. उंदीर ही तूट कोलीनपासून बनणाऱ्या बीटेनने भरून काढतो, म्हणून त्याची कोलीनची गरज वाढते. म्हणजे बेस्ट यांचे निरीक्षण बरोबरच होते, निष्कर्ष चुकला. उंदराचे यकृत कोलीन माणसाच्या यकृतापेक्षा कितीतरी वेगाने जाळते. त्यामुळे बीटेनने उंदीर सुधारला म्हणून माणूसही सुधारेल असे धरून चालता येत नाही.

नमुना घेताना होणारी चूक तर फसवीच असते. रक्तपुरवठा थांबताच यकृतातला ऑक्सिजन काही सेकंदांत संपतो, एनएडीएच आणि लॅक्टेट चढतात, म्हणजे दारूने होते अगदी तेच. द्रव नायट्रोजनमध्ये गार केलेल्या धातूच्या चिमट्यात यकृताचा तुकडा तिथल्या तिथे दाबून गोठवावा, उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवावा आणि दोन्ही गटांचे प्राणी आलटून पालटून घ्यावेत. सगळे दारूवाले सकाळी आणि सगळे जोडीदार दुपारी घेतले तर घड्याळाचा फरकही निकालात उतरतो. लघवीत सापडणारे इथाइल ग्लुकुरोनाइड आणि इथाइल सल्फेट ही अल्कोहोलपासून बनणारी द्रव्ये दारू प्यायल्याचे सांगतात, आजाराचे नाही. निरोगी यकृताच्या प्राण्यातही ती सापडतात.

आज खूप वापरली जाणारी पद्धत अशी: माऊसला (छोट्या उंदराला) ५ दिवस साधा द्रव आहार, १० दिवस अल्कोहोलचा आहार, मग नळीने थेट जठरात किलोमागे ५ ग्रॅम अल्कोहोलचा एकच डोस आणि ९ तासांनी तपासणी. यकृतात चरबी आणि सूज दिसते, रक्तात एएलटी हे यकृताची हानी दाखवणारे विकर वाढते. सिरोसिस होत नाही. शिवाय माऊस वजनाच्या मानाने माणसाच्या सुमारे पाचपट वेगाने अल्कोहोल जाळतो. रॅट (मोठा उंदीर) आणि माऊस दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, पण निकाल कोणाचा हेही सांगायला हवे.

याची किंमत रुग्ण मोजतात. टीएनएफ हे दाहकारक प्रथिन प्रतिपिंडाने अडवले की रॅटच्या यकृताची हानी टळते, असे १९९७ मध्ये दिसले होते. तीव्र अल्कोहोलिक हेपॅटायटिसच्या (दारूमुळे यकृताला आलेल्या सुजेच्या) ४८ रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले, तेच प्रथिन अडवणारे इटानरसेप्ट घेणाऱ्या गटात सहा महिन्यांतले मृत्यू तुलनेसाठीचे निष्क्रिय औषध (प्लासिबो) घेणाऱ्यांपेक्षा जास्त होते. उंदराला औषध हानी होत असतानाच मिळाले होते. रुग्ण आले तेव्हा यकृत कोलमडलेले होते आणि संसर्गाशी लढण्याची ताकद संपत आली होती.

म्हणून विनंती, की अशा बातमीत चार गोष्टी छापाव्यात: प्राणी कोणता, दारू किती दिवस आणि किती टक्के कॅलरी, जोडीदाराला आहार कसा आणि केव्हा दिला, आणि औषध दारू चालू असताना दिले की थांबवल्यावर. शेवटची गोष्ट विसरू नये, कारण दारू थांबवली की यकृतात नुसती साठलेली चरबी औषधाविनाही बरीच उतरते.

आपले,
यकृतसंशोधनात काम करणारे काही वाचक