शिकाऊ की फुकटचा हमाल?

संपादक साहेब, भाचा आयटीआय फिटर झाला आणि कुपवाड एमआयडीसीत अप्रेंटिस लागला, चार महिने झाले तरी मशीनला हात नाही, नुसत्या पेट्या उचल नाहीतर लोखंडाचा चुरा झाड, आणि लॉगबुकात मात्र 'ड्रिलिंग शिकवलं' म्हणून सही! १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे की, पण बघायला येतंय कोण? राज्य सरकारच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही शिक्षणाप्रमाणे महिना ६, ८, १० हजार विद्यावेतन ठरलं, पण शिकवायचं काय ते कुणी विचारतच नाही (पैसे वेळेवर आले तर नशीब). माझं म्हणणं एवढंच, अधिकाऱ्यानं न सांगता यावं, पोराच्या हातात जॉब (म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा) देऊन करायला लावावा, नाही जमलं तर कारखान्याचं अनुदान थांबवावं.

– एक मामा, सांगली