चालण्याचा उपदेश पुरे, आमचे रक्त तपासा

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्ला एकदा सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या यंत्रमाग कामगाराला देऊन पाहा. बारा तासांच्या पाळीत तो मागांमधून फेऱ्याच मारत असतो. मग पूर्व भागातल्या विडी कामगार बाईला द्या. मांडीवर सूप घेऊन ती हजार विड्या पुऱ्या करायला बसलेली असते. अर्धा तास उठली तर मजुरी बुडते.

1953 साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमध्ये जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो असे दाखवले. तेव्हापासून हालचाल म्हणजे आरोग्य, हे समीकरण आपण धरून बसलो. पुढे डेन्मार्कच्या आंद्रेआस होल्टरमान यांनी कामावरचे श्रम आणि मोकळ्या वेळचा व्यायाम यांत फरक असल्याचे मांडले. दीर्घ, विश्रांती नसलेल्या श्रमांचा हृदयाला तसा फायदा दिसत नाही, कधी अपायच दिसतो. आमच्या मागवाल्याच्या शरीरात नेमके काय चालले आहे, हे मात्र कोणी पाहिलेले माझ्या ऐकिवात नाही.

ते पाहण्याचे साधन आता आहे. नेहमीच्या जनुक तपासणीत लाखो पेशींची सरासरी हाती येते. एकपेशी तंत्रात एकेक पेशी तेलातल्या सूक्ष्म थेंबात अलग करतात, तिच्या आरएनएला (चालू जनुकांचा संदेश नेणाऱ्या रेणूंना) वेगळी खूण लावतात आणि तिच्यात कोणती जनुके चालू आहेत ते वाचतात. व्यायामाने सूज वाढवणाऱ्या पेशी शांत होतात की चिडतात, हे त्यातून कळू शकते. अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रकल्पाने 2024 मध्ये उंदरांना आठ आठवडे पट्ट्यावर पळवून 19 ऊतींमधले रेणूंचे बदल नोंदवले. (त्या उंदरांची पाळी दिवसाला तासाभराच्या आत संपत असे.)

भारत यात मागे आहे असे नाही. आशियाई लोकांच्या रक्तपेशींचा असाच एकेक पेशी वाचून जो नकाशा झाला, त्यात भारतीयांचे नमुने आहेत. सीएसआयआर या केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेच्या ‘फिनोम इंडिया’ पाहणीत सुमारे दहा हजार लोकांची आरोग्यनोंद झाली, पण ते मुख्यतः त्याच संस्थेचे कर्मचारी, निवृत्त आणि त्यांचे जोडीदार. त्यात विडी वळणारी बाई येणार कुठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. याज्ञिक यांनी 1993 पासून आसपासच्या खेड्यांतल्या आया आणि बाळांचा पाठपुरावा केला, म्हणून दिसायला बारीक पण अंगात चरबी जास्त, हे भारतीय बाळ जगाला समजले. महाराष्ट्राला हे जमते. फक्त ते सोलापुरात झालेले नाही.

महागडे यंत्र मी मागत नाही. ते धूळ खात पडलेले बघायची हौस नाही. पेशींतली जनुके वाचण्याचे काम पुण्याच्या संस्था करतील. इथल्या डॉ. वैशंपायन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रक्तातल्या पेशी काही तासांत वेगळ्या करून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवणारी एक खोली आणि तिथे कायमस्वरूपी पदावर दोन तंत्रज्ञ एवढे द्या. पद कंत्राटी ठेवले तर माणूस शिकतो आणि निघून जातो. संमतीपत्र तेलुगू, मराठी आणि कन्नडमध्ये असावे आणि मोठ्याने वाचून दाखवावे. नमुना पाळी सुटताना आणि सुट्टीच्या दिवशी, असा दोनदा घ्यावा, नाहीतर श्रमाचा परिणाम कळणारच नाही.

रक्त द्यायला आलेल्या बाईचा खाडा भरून द्यावा. तपासणीत निघालेली साखर किंवा रक्तक्षय तिला त्याच आठवड्यात कळावा आणि औषध सिव्हिल रुग्णालयातच मिळावे. आपल्या पुढच्या पुरवणी मागण्यांत ही रक्कम आहे का, एवढे कळवावे.

आपली नम्र,
एक प्राणिशास्त्र शिक्षिका, सोलापूर