डॉक्टर मॅडम, तिचे पाय गरम आहेत

डॉक्टर मॅडम,

माझ्या लेकीला विंचू चावला त्याला आज सहा दिवस झाले. पोरगी अंगणात खेळतेय, आणि मी मात्र अजून रात्री दोन-तीनदा उठून तिच्या पायांना हात लावून बघते. ही सवय तुम्हीच लावलीत. त्या रात्री कुठली सुई कधी टोचलीत, काय काय दिलंत, ते मला धड आठवत नाही. तुमचा हात तेवढा आठवतो.

तुम्हाला घाईघाईत सांगितलं ते अर्धवट होतं, म्हणून आता नीट लिहिते. भातकापणी चालू होती. तिन्हीसांजेला खळ्यात भारे रचत होतो, पोरगी पेंढ्यावर चढली आणि किंचाळली. सासऱ्यांनी चपलेने मारला तो विंचू लालसर होता, बोटाएवढा. सगळे म्हणाले, लहानच आहे, काळा मोठा असता तर घाबरायचं. उलटं असतं हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आधी आम्ही जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तेव्हा ती गळा काढून रडत होती. तिथल्या डॉक्टरांनी बोटापाशी एक आणि कमरेत एक इंजेक्शन दिलं, पैसे घेतले आणि म्हणाले, "सकाळपर्यंत उतरेल." पुढचा पेशंट आत आलासुद्धा होता. घरी आल्यावर तासाभराने तिचं रडणं थांबलं. आजी म्हणाली, "उतरला गं विंचू." मी देवापुढे दिवा लावला. त्याच वेळी तिला दोन उलट्या झाल्या होत्या, घामाने केस कपाळाला चिकटले होते, आणि मी म्हणत होते की दमली असेल बिचारी. धाकट्या दिरांनी तिला पांघरूण घालताना पाय धरले आणि ओरडले, "वहिनी, हे बर्फासारखे आहेत."

तिला तुमच्या दवाखान्यात घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याने पैसे घेतले नाहीत, त्याचेही आभार इथेच मानते.

तुम्ही दारातच होतात. केसपेपर नंतर काढा म्हणालात आणि आधी तिचे पाय हातात घेतलेत. मग वाकून तिला विचारलंत, "दुखतंय का गं बाळा?" तिने मान हलवली, नाही. आम्हाला बरं वाटलं आणि तुमचा चेहरा उतरला. तुम्ही म्हणालात, "हेच मला नको होतं. जे मूल ठणकतंय म्हणून आरडाओरडा करतं, त्याची मला एवढी काळजी नसते." सुरुवातीला फक्त दुखणं असतं, ती पहिली पायरी. घाम, उलट्या, लाळ, गार हातपाय, नाडीची धावपळ ही दुसरी. छातीत पाणी भरून धाप लागली की तिसरी, आणि रक्तदाब कोसळला की चौथी. "आपण दुसरीवर आहोत. तिसरीवर जाऊ द्यायचं नाही." 'आपण' म्हणालात तुम्ही. तो शब्द मी घरी आल्यावर किती वेळा मनात घोळवला असेल!

मग तुम्ही मला तिला उचलायला बंदी केलीत. तिला दिलेल्या गोळीने रक्तदाब उतरतो, उठवून बसवलं तर चक्कर येऊन घात होईल, आडवीच राहू द्या म्हणालात. आई असून लेकराला मांडीवर घ्यायचं नाही! मी भिंतीला टेकून रडले तेव्हा तुम्ही स्टूल ओढून तिच्या पायथ्याशी ठेवलंत, माझा हात धरलात आणि तिच्या घोट्यावर ठेवलात. "इथपर्यंत गार आहे ना? ही गारठ्याची रेघ खाली सरकायला हवी. तुम्ही राखण करा. वर चढली तर लगेच हाक मारा."

मॅडम, सगळ्या रात्रीत मला जगवलं ते या एका गोष्टीने. वॉर्डात दुसरे पेशंट होते, तुम्हाला बाहेर हाका येत होत्या. मला गप्प बसवून तुम्ही निघून जाऊ शकला असता. त्याऐवजी तुम्ही मला काम दिलंत, ज्याचा डॉक्टरलाही उपयोग होता. दर अर्ध्या तासाने येऊन आधी मला विचारायचात, "काय म्हणते रेघ?" आणि मग स्वतःचा हात लावायचात. सातवी शिकलेल्या बाईच्या तळहाताचं म्हणणं तुम्ही ऐकून घेत होतात. त्या आधीच्या दवाखान्यात कुणी पायाला दहा सेकंद हात लावला असता तर आमचे ते तास वाया गेले नसते. तिथे यंत्र कमी नव्हतं, औषध कमी नव्हतं, तिच्याकडे बघणंच नव्हतं. हा राग मी अजून गिळू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी सांगितलं की ही गोळी, प्राझोसिन, रक्तदाबाची आहे आणि विंचवावर ती आपल्या महाडच्याच डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी वापरात आणली. बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात पोरं डोळ्यांदेखत जात होती, तेव्हा ते रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपत राहिले, 1982 साली ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या मोठ्या मासिकात छापून आलं, 2022 साली पद्मश्री मिळाली. लाल विंचवाच्या गंभीर दंशात पूर्वी शंभरातली तीस-चाळीस माणसं दगावत, ती आता एक-दोनवर आली आहेत. हे ऐकून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. आमच्याच रायगडात, आमच्यासारख्यांच्याच पोरांच्या खाटेशी बसून हे शिकलं गेलं, आणि तुम्ही तशाच बसलात. चांगुलपणा असाच एका हातातून दुसऱ्या हातात जात असेल. पहाटे दोनला चहाचा अर्धा कप माझ्या हातात देणाऱ्या सिस्टर, लादी पुसताना माझ्या लेकीची झोप मोडू नये म्हणून बादली न आपटणाऱ्या मावशी, सगळ्यांना माझा नमस्कार सांगा.

पाचच्या सुमाराला रेघ बोटांपर्यंत आली. मग अंगठाही गरम लागला. मी धावत आले नाही, कारण तुम्ही राखण सांगितली होती. तिथूनच हाक मारली. तुम्ही दोन्ही पाय चाचपलेत, नाडी बघितलीत आणि म्हणालात, "आता बघा, रडेल."

आणि ती रडली. बोट दुखतंय म्हणून, मोठ्याने, सगळा वॉर्ड जागा करत. तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहून हसत होतात आणि तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाहिलं ते.

तुमची,
सहा वर्षांच्या त्या मुलीची आई